वालाचे बी आणि त्याची तिथी : वाचकांचे प्रश्न

या अंकात एकाच पिकाचे प्रश्न घेतले आहेत. शास्त्रीय नाव लॅबलॅब पर्प्युरियस. आपल्याकडे वाल, पावटा, घेवडा आणि आणखी चार नावांनी ओळखले जाणारे हे पीक. पत्रांतल्या बहुतेक अडचणींचे मूळ एकच दिसते. बी एका भागातून दुसऱ्या भागात जाते, पण ते कधी, कशा ओलीवर आणि कशासाठी पेरायचे हे त्याच्याबरोबर जात नाही.

प्रश्न : माझ्या माहेरी, रोह्याला, 'वाल' म्हणतात. इथे कोरेगावला 'पावटा' म्हणतात. कोल्हापूरची जाऊ 'वरणा' म्हणते आणि नागपूरची बहीण 'पोपट'. हे सगळे एकच का? मग श्रावण घेवडा आणि वाघ्या घेवडा कुठे बसतात? (कोरेगाव, जि. सातारा)

पहिली चारही नावे एकाच जातकुळीची आहेत, पण वाण एक नाही. एका नावाखाली प्रत्येक भागात वेगळे बी आहे आणि कधीकधी शेजारच्या दोन गावांतही वेगळे असते. म्हणून नुसते नाव सांगून बी मागवले की फसगत होते.

नावापेक्षा शेंग उघडून पाहणे खात्रीचे. या पिकाचे दोन मोठे गट आहेत. पहिला भाजीचा. त्याची शेंग रुंद, पातळ सालीची आणि कोवळी असताना सालीसकट खाण्याजोगी असते. शिवणीच्या बाजूने उघडली तर दाण्याची लांबी शिवणीला समांतर दिसते. वालपापडी आणि मांडवावरचे बहुतेक घेवडे या गटातले. दुसरा गट दाण्याचा. त्याची साल चिवट आणि तंतुमय, शेंग आखूड, आणि दाणा शिवणीशी काटकोन करून आडवा बसलेला असतो. या गटाच्या शेंगा सोलताना बोटांना तेलकट चिकटपणा लागतो आणि एक उग्र, ओळखीचा वास येतो. उत्तर कोकणातले कडवे वाल याच गटातले. कर्नाटकात 'अवरे' म्हणून जे खातात तेही हेच. तिथे या वासाला 'सोगडु' असा स्वतंत्र शब्द आहे आणि शेंग घेताना गिऱ्हाईक ती हुंगून पाहते. आपल्याकडे बी निवडताना वासाकडे कोणी लक्ष देत नाही, ही खरी उणीव आहे. उग्र वासाचे झाड बियाण्यासाठी राखले नाही तर तो गुण काही वर्षांत हातातून निसटतो.

देशावर 'पावटा' म्हणजे बहुधा ओले दाणे सोलून खायचा प्रकार. विदर्भातला 'पोपट' हाही थंडीत ओल्या दाण्यांसाठीच घेतात. 'घेवडा' हा शब्द मात्र सर्वांत निसरडा. अकोले-जुन्नरच्या डोंगरपट्ट्यात घेवडा म्हणजे परड्यात, कुंपणावर किंवा झाडावर चढवलेला वेल. तिथे एकाच घराच्या मागे जांभळ्या कडेचा, पांढरट, हिरवा रुंद आणि काळ्या दाण्याचा असे तीन-चार प्रकार सापडतात. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी जपलेल्या बियाण्यांत या घेवड्यांचा मोठा वाटा आहे.

श्रावण घेवडा मात्र या घरातला नाही. तो फॅसिओलस व्हल्गॅरिस, म्हणजे राजम्याच्या कुळातला आणि मूळचा अमेरिका खंडातला. तुमच्याच तालुक्यातला वाघ्या घेवडाही तोच. दाण्यावर वाघासारखे पट्टे असल्यामुळे हे नाव पडले आणि त्याला भौगोलिक मानांकनही आहे. डबल बी हे तिसरेच पीक, फॅसिओलस ल्युनेटस. त्याच्या चपट्या दाण्यावर डोळ्यापासून निघालेल्या बारीक रेषा दिसतात. तो कच्चा खाऊ नये, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून द्यावे. अबईची शेंग हातभर लांब आणि जाड असते, तिथे घोटाळा होत नाही.

वाळलेला दाणा हातात असेल तर वाल ओळखण्याची खूण सोपी आहे. दाण्याच्या कडेवर पांढरी, उंच उठलेली रेघ असते आणि ती जवळजवळ एकतृतीयांश कड व्यापते. राजमा-घेवड्याचा डोळा लहान आणि बसका असतो. फूल हाताशी असेल तर त्याचा नावेसारखा खालचा भाग पाहा. वालात तो काटकोनात वर वळतो, राजमा-घेवड्यात स्क्रूसारखा पिळलेला असतो.

प्रश्न : माणगावहून कडवे वाल आणून सासवडजवळ जूनच्या शेवटी पेरले. वेल कंबरेएवढे माजले, ऑक्टोबर उलटला तरी फूल नाही. बी खोटे निघाले का? (पुरंदर, जि. पुणे)

बी खोटे नाही, पेरणीची तारीख चुकली. बहुतेक पारंपरिक वाल लहान दिवसाचे पीक आहेत. रात्र ठरावीक लांबीची झाल्याशिवाय वेल फुलाकडे वळत नाही. आपल्या अक्षांशावर २१ जूनच्या सुमारास दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा असतो, २२ डिसेंबरला अकरा तासांचा. हा सव्वादोन तासांचा फरक आपल्याला जाणवत नाही, वालाला जाणवतो. रायगडमध्ये हे बी भात काढल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरात पडते. उगवते तेव्हाच दिवस लहान असतो, म्हणून झाड वीतभर-हातभर वाढून लगेच फुलते आणि तीन ते साडेतीन महिन्यांत पीक हाती येते. तुम्ही तेच बी जूनमध्ये टाकले. चार महिने त्याला फुलण्याचा इशाराच मिळाला नाही. पाऊस, ऊब आणि खत मिळाले, म्हणून ते पाला करत राहिले.

आता काय करावे? युरिया किंवा शेणस्लरी देणे ताबडतोब थांबवा. पाणी निम्म्यावर आणा. शेंडे चार बोटे खुडा, म्हणजे बगलफुटी निघतील आणि दाट पाल्यात हवा खेळेल. फुले येतील, पण मुख्य अडचण पुढे आहे. दाट, सावलीच्या वेलात शेंगा पोखरणाऱ्या ठिपक्यांच्या अळीला हवा तसा आडोसा मिळतो. ती फुले आणि कळ्या जाळ्याने एकत्र बांधून आत बसते. फवारणी तिथपर्यंत पोहोचत नाही. असे बांधलेले गुच्छ दर तीन दिवसांनी हाताने तोडून जाळणे हाच खरा उपाय.

पुढच्या वर्षी हेच बी सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरा. सासवडची थंडी माणगावपेक्षा कडक, म्हणून फार उशीर नको. कडाक्यात फुललेला वाल शेंग धरतो, पण दाणा भरायला वेळ घेतो. पहिल्या वर्षी सगळे बी एकदम टाकू नका. पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने तीन ओळी पेरा, फूल दिसल्याची तारीख लिहून ठेवा. तुमच्या शेताची तारीख तुम्हाला त्या तीन ओळी सांगतील, दुसरे कोणी सांगू शकत नाही.

एक बारकावा. वेल रस्त्याच्या दिव्याखाली किंवा गोठ्याच्या रात्रभर जळणाऱ्या बल्बजवळ असेल तर तेवढाच भाग उशिरा फुलतो, कारण दिव्याने रात्र तुटते. एकाच मांडवाची एक बाजू फुलली आणि दुसरी नाही, असे दिसले तर आधी दिवा पाहा.

प्रश्न : भात कापून झाल्यावर खाचरात वाल टाकतो. निम्मे उगवते, निम्मे कुजते किंवा वर येतच नाही. बी किती घ्यावे, किती खोल टाकावे? (पेण, जि. रायगड)

तुमच्या पत्रात भाताची जात लिहिलेली नाही आणि सगळे तिथूनच ठरते. हळवे भात आधी निघते, तेव्हा खाचर बरेच ओले असते, कधी वर पाणीही उभे असते. गरवे भात उशिरा निघते, तोवर वरची चार बोटे सुकून भेगा पडू लागतात. या दोन्हींच्या मधल्या निमगरव्यामागे वाल साधणे सर्वांत सोपे. हळव्यामागे घाई केली की बी कुजते, गरव्यामागे उशीर केला की बी कोरडे पडते. तुमच्याकडे बहुधा एकाच शेतात दोन्ही होत असावे. खालच्या, बांधालगतच्या ओल्या भागात कुजणे आणि वरच्या भागात सुकणे.

ओल पाहण्याची रीत अशी. चार बोटे खोलीची माती मुठीत घट्ट दाबा. पाणी सुटले किंवा गोळा हाताला चिकटला तर थांबा. गोळा झाला आणि कमरेइतक्या उंचीवरून टाकल्यावर तीन-चार तुकड्यांत फुटला, तर त्याच दिवशी पेरा. गोळाच होत नसेल तर नुसत्या ओलीवर भरवसा ठेवू नका. हलके पाणी देऊन वाफसा येऊ द्या, म्हणजे जादा पाणी निथळून माती भुसभुशीत पण ओलसर होऊ द्या, मग पेरा.

बियाण्याचा हिशेब सरळ आहे. ओळींत ३० सेंटिमीटर आणि रोपांत १५ सेंटिमीटर अंतर धरले तर एका गुंठ्यात साधारण २,२०० रोपे बसतात. १०० दाण्यांचे वजन २२ ग्रॅम असेल तर तेवढ्यासाठी अर्धा किलो बी लागते. न उगवणाऱ्यांसाठी थोडे धरून ५५० ते ६०० ग्रॅम. पण तुमच्या वाणाचे १०० दाणे तोलल्याशिवाय हा आकडा वापरू नका. गोड्या वालाचा दाणा कडव्यापेक्षा मोठा असतो, तिथे याच अंतराला बी बरेच जास्त लागते. एका गावचा 'पायलीभर बी' हा हिशेब दुसऱ्या गावी चुकतो तो यामुळे.

खोली पाच सेंटिमीटर, फार तर सात. वालाची दलपत्रे जमिनीबाहेर येतात, म्हणजे उगवताना अख्खा दाणा वर उचलला जातो. खोल पडलेल्या किंवा चिखलाची पापडी धरलेल्या जागी तो मान मोडतो. फोकून, वरून नांगर फिरवण्याच्या पद्धतीत काही दाणे दहा-बारा सेंटिमीटरवर जातात, काही वरच राहतात आणि कबुतरांच्या पोटात जातात. ओळीत पेरायला वेळ लागतो, पण बी वाचते. नांगरट करायची तर एकच, आणि लगेच फळी फिरवून ओल झाकायची. दोनदा नांगरले की वरची ओल निघून जाते.

बी पेरण्याच्या आदल्या संध्याकाळी भिजवण्याची चाल काही गावांत आहे. जमीन नेमकी वाफशावर असेल तर चार-पाच तास भिजवणे चालते. जमीन कोरडी असेल तर भिजलेले बी मोड फुटून तिथेच मरते, त्यापेक्षा कोरडे बी बरे. भिजवल्यास सावलीत तासभर सुकवून मग बीजप्रक्रिया करा. किलोला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) आणि २५ ग्रॅम रायझोबियम (मुळांवर गाठी करून नत्र देणारे जिवाणू), गुळाच्या थंड पाण्यात कालवून. वालाला चवळी गटाचे रायझोबियम लागते. हरभऱ्याचे पाकीट इथे उपयोगी पडत नाही. दुकानात 'कडधान्याचे' म्हणून काहीही हातावर ठेवतात, म्हणून पाकिटावर पिकाचे नाव वाचा. भातखाचर महिनोन्महिने पाण्याखाली असते, तिथे हे जिवाणू कमी उरतात. म्हणून वरकस, म्हणजे पाणी न साठणाऱ्या उताराच्या जमिनीपेक्षा खाचरात या प्रक्रियेचा फरक जास्त दिसतो. रोपे महिन्याची झाली की दोन उपटून गाठी फोडून पाहा. आत लालसर-गुलाबी रंग असेल तर काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट गाठ बिनकामाची.

खत भारी नको. गुंठ्याला तीन किलो सिंगल सुपर फॉस्फेट बियाच्या ओळीत, बियाच्या खाली पडेल असे. नत्र जास्त झाले की पाला वाढतो आणि त्यावर मावा बसतो. पोपटीसाठी, म्हणजे मडक्यात पाल्यासह शिजवायला, शेंगा काढायच्या असतील तर दाणा पूर्ण भरलेला पण साल हिरवी असताना तोडा. पिवळी पडलेली शेंग भांबुर्ड्याच्या पाल्यात कितीही शिजवली तरी दाणा पिठूळ लागतो.

प्रश्न : बाजारातल्या वालाच्या दोन पिशव्या, एकीचे बिरडे लोण्यासारखे, दुसरीतले दाणे कुकरमध्येही टणक. दोन्ही 'अलिबागचे कडवे' म्हणूनच घेतले. (डोंबिवली)

वाणाचा दोष असेलच असे नाही. तीन कारणे तपासा.

जुना माल हे पहिले. वाल दमट, उष्ण जागी वर्षभर राहिला की दाण्याच्या आत असे बदल होतात की तो पाणी शोषतो पण शिजत नाही. दाण्याचा रंग गडद तपकिरी झाला असेल तर जुना समजा. दुसरे, गणंग. हे दाणे पाणीच शोषत नाहीत. भिजवल्यावर सकाळी जे दाणे फुगलेले नाहीत, सुरकुतलेही नाहीत, ते वेचून टाका. फार कडक वाळवलेल्या मालात गणंग जास्त निघतात. तिसरे, पाणी. बोअरच्या जड पाण्यातला चुना दाण्याच्या भिंती घट्ट करतो. एकदा नळाच्या किंवा गाळलेल्या पाण्यात भिजवून आणि शिजवून पाहा.

रीत : दहा-बारा तास भिजवा, मधे एकदा पाणी बदला. निथळून ओल्या फडक्यात बांधून थंडीत ३६ तास, उन्हाळ्यात २४ तास मोडासाठी ठेवा. फडके दिवसातून दोनदा ओले करा, नाहीतर दाणे चिकट होऊन आंबूस वास येतो. मोड अर्ध्या बोटापेक्षा जास्त वाढू देऊ नका. मग कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटे ठेवून सोला. भिजवलेले पाणी आणि सालपटे टाकून द्या, उग्र कडसरपणाचा मोठा भाग त्यांत जातो. डाळिंब्या (सोललेले दाणे) शिजेपर्यंत कोकम, चिंच घालू नये. आंबटाने दाणा मऊ व्हायचा थांबतो. 'कडवे' म्हणजे कडूजहर नव्हे. तो किंचित कडसर स्वाद हीच त्या वालाची ओळख, आणि गोड्या वालाने केलेले बिरडे त्याची जागा घेऊ शकत नाही, हे आमचे स्पष्ट मत.

प्रश्न : पांढऱ्या फुलाचा घेवडा सात-आठ वर्षे घरच्याच बियाण्यावर घेतो आहे. यंदा चार वेलांना जांभळी फुले आली. शेजारी काळ्या दाण्याचा घेवडा आहे. बी बिघडले का, आणि शुद्ध कसे करायचे? (जुन्नर, जि. पुणे)

वालाचे फूल बहुतांशी स्वतःच्याच परागाने फळते, पण पूर्ण नाही. मोठे काळे भुंगे आणि मधमाश्या फूल दाबून उघडतात आणि दुसऱ्या वेलाचा पराग आणून टाकतात. शेजार जितका जवळ आणि भुंगे जितके जास्त, तितका संकर जास्त. जांभळा रंग पांढऱ्यावर वरचढ ठरतो, म्हणून पांढऱ्या फुलाच्या बियाण्यात जांभळे फूल निघाले की एकतर बी मिसळले किंवा गेल्या हंगामात संकर झाला. तुम्हाला ते दिसले हे भाग्य. काळ्या घेवड्याच्या मालकाला असा संकर फुलावरून दिसणारच नाही, कारण त्याची फुले जांभळीच राहतील.

इथे एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. दाण्याची साल ही आईच्या वेलाचा भाग असते. संकर यंदा झाला तरी यंदाच्या दाण्याचा रंग तोच राहतो. ते दाणे पेरून आलेल्या वेलाच्या शेंगांत पहिल्यांदा वेगळा रंग दिसतो. म्हणून 'दाणे सगळे एकसारखे आहेत, बी शुद्ध आहे' हा निष्कर्ष एक वर्ष मागे असतो. बी सुपात निवडून शुद्ध होत नाही, ते उभ्या वेलावर निवडावे लागते.

ती चार वेल आत्ताच उपटा असे आम्ही सांगणार नाही. भाजीला शेंगा घ्या, पण शेजारच्या पांढऱ्यांवर परत पराग जाऊ नये म्हणून नवी फुले खुडत राहा. बियाण्यासाठी तीस-चाळीस पांढऱ्या वेलांवर लाल धागा बांधा. दोन-चार सर्वांत जोमदार वेलांचेच बी घेणे ही मोठी चूक. त्याने वाणाचा पाया अरुंद होतो आणि एखाद्या वाईट वर्षात सगळे एकदम बसते. प्रत्येक निवडक वेलावरून खालच्या आणि मधल्या घोसांतल्या भरदार शेंगा घ्या. शेवटच्या शेंगा बियाण्याला नकोत, त्यांत दाणा लहान आणि रोग जास्त. पाने पिवळी-हिरवी चट्टेदार झालेल्या वेलाचे बी अजिबात नको. तो विषाणू पांढरी माशी पसरवते, पण असा वेल दुबळा असतो आणि त्याचे दाणेही पोसत नाहीत.

खात्रीसाठी काही घोसांवर कळी असतानाच मलमलची पिशवी बांधा. आत मुंगी किंवा भुंगा अडकलेला नाही हे पाहून घ्या. शेंग धरली की पिशवी काढा आणि देठाला धागा बांधा, नाहीतर आत दमटपणाने बुरशी येते. अशा शेंगांतून निघालेले अर्धा किलो बी हे तुमचे मूळ बी. ते वेगळे ठेवा आणि दर दोन वर्षांनी त्यातूनच पेरणीचे बी वाढवा. जागा असेल तर दोन घेवड्यांत ५० मीटर अंतर ठेवा, मधे मका किंवा तुरीची दाट ओळ लावा.

मात्र शुद्धतेचा अतिरेक नको. गावठी वाण म्हणजे कारखान्यातला एकच साचा नाही. थोडी लवकर, थोडी उशिरा, थोड्या रुंद, थोड्या अरुंद शेंगा हा त्याचा स्वभाव आहे आणि तीच त्याची ढाल. फुलाचा रंग, दाण्याचा रंग, शेंगेची चव आणि फुलायचा काळ हे चार गुण सांभाळा, बाकी राहू द्या.

प्रश्न : बियाण्याचे वाल होळीपर्यंत ठीक, मग प्रत्येक दाण्याला भोक. राख, एरंडेल, कडुलिंब, फ्रीजर यांतले काय खरे? (अकोले)

कीड डब्यात जन्मत नाही, ती शेतातूनच येते. भुंगेरा वाळत्या शेंगेवर आणि नंतर दाण्यावर अंडी चिकटवतो. दाण्यावर दिसणारे पांढरे ठिपके म्हणजे तीच अंडी. अळी थेट आत शिरते आणि भोक पडते ते भुंगेरा बाहेर निघताना. उकाड्यात महिन्याभरात एक पिढी होते, म्हणून होळीला एक भोक दिसले तर अक्षय्य तृतीयेला डबा रिकामा. शेंगा वेलावरच खडखडीत वाळू देऊ नका. साल पिवळी-तपकिरी झाली की तोडा आणि अंगणात वाळवा.

वाळवताना तापलेला पत्रा किंवा सिमेंटचा ओटा नको, गोणपाट घाला. भर दुपारचे ऊन टाळून तीन-चार दिवस वाळवा. काचेच्या बरणीत मूठभर दाणे आणि चमचाभर भाजलेले, थंड केलेले मीठ घालून दहा मिनिटे अधूनमधून हलवा. मीठ काचेला चिकटले तर दाणा अजून फार ओला आहे. चिकटले नाही तरी आणखी दोन उन्हे द्या. शेवटची कसोटी दाताची. दाणा कट्कन तुटला पाहिजे, दबता कामा नये.

यानंतर तीन वाटा. राख चालते, पण चाळलेली, कोरडी आणि दाण्यांमधल्या सगळ्या फटी भरतील इतकी. वरून चिमूटभर भुरभुरलेली राख काही करत नाही. खायच्या वालाला किलोमागे ५ मिलिलिटर एरंडेल किंवा गोडेतेल हाताने चोळा. त्याने अंडी गुदमरतात, आत शिरलेली अळी मात्र मरत नाही. म्हणून तेल पहिल्याच आठवड्यात. कडुलिंबाचा पाला एकट्याने पुरत नाही, आणि ओला पाला डब्यात टाकणे म्हणजे बुरशीला आमंत्रण. फ्रीजर सर्वांत खात्रीचा : बी पूर्ण वाळलेले, पिशवी हवाबंद, उणे १८ अंशांवर आठवडाभर. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडू नका, नाहीतर थंड दाण्यावर दव धरते आणि सगळे वाळवणे वाया जाते. मग काठोकाठ भरलेल्या हवाबंद बाटल्यांत ठेवा. अर्ध्या बाटलीतली हवा भुंगेऱ्याच्या एका पिढीला पुरते.

पेरणीआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून सातव्या दिवशी मोजा. ८० उगवले तर नेहमीचे प्रमाण, ६० उगवले तर बी तिसऱ्या हिश्शाने वाढवा, ५० च्या खाली असेल तर शेजाऱ्याकडून बदलून घ्या.

प्रश्न : आमच्या पाड्यावरचा घेवडा कुणी कंपनीने स्वतःच्या नावावर नोंदवला तर? आम्ही बी विकले तर गुन्हा होतो का? (जव्हार, जि. पालघर)

गुन्हा होत नाही. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ च्या कलम ३९ नुसार शेतकऱ्याला स्वतःच्या शेतातले बी राखता, पेरता, वाटता, बदलता आणि विकताही येते. बंधन एकच आहे. संरक्षित वाणाचे बी छापील वेष्टन-लेबल लावून त्या वाणाच्या नावाने विकायचे नाही. याच कायद्यात शेतकऱ्यांचा वाण शेतकऱ्याच्या किंवा गावसमूहाच्या नावे नोंदवता येतो आणि शेतकऱ्याला त्याचे शुल्क पडत नाही. पीक अधिसूचित यादीत आहे का ते आधी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात पाहून घ्या.

नोंदणी होवो न होवो, माहिती आजच लिहून ठेवा : गावातले नाव, किती पिढ्यांपासून आहे, पेरणीची आणि पहिल्या फुलाची तारीख, फुलाचा, शेंगेचा, दाण्याचा रंग, १०० दाण्यांचे वजन, कशासाठी खातात. फोटो नाणे शेजारी ठेवून काढा. बियाण्याचा एक वाटा राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या अकोला केंद्राकडे देण्याविषयी विचारा. आणि दुसरा वाटा दुसऱ्या पाड्यावरच्या नातेवाइकांकडे ठेवा. एका घरात असलेले बी एका पावसात जाते.

प्रश्न : गच्चीवर मोठ्या कुंड्या आहेत. पोपटाच्या शेंगा एप्रिल-मेमध्ये मिळतील अशी जात सुचवा. (नागपूर)

गावठी पोपट मिळणार नाही, त्याला लहान दिवस लागतात. दिवसाच्या लांबीला न जुमानणाऱ्या खुज्या जाती आहेत : दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची कोकण भूषण, बंगळुरूच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेच्या अर्का जय आणि अर्का विजय. पण नागपूरच्या मे महिन्यात त्यांचीही फुले गळतात, तो दोष जातीचा नाही, उन्हाचा आहे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात लावा आणि मार्चमध्ये शेंगा घ्या. एका मोठ्या कुंडीत दोनच रोपे, कुंडी किमान ३० सेंटिमीटर खोल. या कुंड्यांचे बी गावठी पोपटाच्या बियाण्यात मिसळू नका. दोन्हींच्या बाटल्यांवर नाव आणि पेरणीचा महिना लिहा.